शिबिराच्या चौथ्या आठवड्यात मन उडतं तेव्हा

तुझं म्हणणं थोडक्यात असं: स्पर्धेला तीन आठवडे उरलेत, सकाळ-संध्याकाळ व्हॉलीबॉलचा सराव चालू आहे, पहिले पंधरा दिवस अंगात वारं भरलं होतं आणि आता बूट घालणंही जिवावर येतं. त्यात पहिल्या सहांत आपण आहोत की नाही, हे कोच सांगत नाहीत. ‘प्रेरणा परत कशी आणू?’ असं विचारलं आहेस.

मी बरीच वर्षं सेटर, म्हणजे स्मॅशरला चेंडू उचलून देणारी खेळाडू, म्हणून खेळले आणि त्यातली निम्मी राखीव होते. तेव्हा हे बाकावरून आलेलं उत्तर आहे असं समज.

आधी एक गोष्ट तपासून बघ. चौथ्या आठवड्यात मन उडतं ते बऱ्याचदा पायांमुळे. कोच मुद्दाम भार चढवत नेतात, शरीर थकतं, काही दिवस खेळ उतरतो आणि भार कमी केला की तो पुन्हा वर येतो. त्या उताराच्या दिवसांत खेळाडूला मात्र वाटतं, आपल्यात काही उरलंच नाही. मीही एकदा अशाच दिवसांत शिबिर सोडायचं ठरवून बॅग भरली होती. भरून झाल्यावर तिच्यावरच डोकं ठेवून झोपले, सकाळी उठले आणि सरावाला गेले.

थकवा किती आहे, हे कळायला कार्ल फॉस्टर या संशोधकाची साधी पद्धत वापर. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने तो किती जड गेला, याला ० ते १० मधला आकडा दे आणि त्याला मिनिटांनी गुण. ९० मिनिटांचा सराव ७ वाटला तर ६३०. रोज लिहून ठेव. पूर्वी ६ वाटणारा तोच सराव आता ९ वाटत असेल, तर स्वतःला आळशी म्हणू नकोस, वही कोचना दाखव. सकाळची नाडी काही दिवस नेहमीपेक्षा बरीच जास्त असेल, भूक मेली असेल, झोप तुटत असेल, तर डॉक्टरकडे जा.

झोपेवरून आठवलं. स्टॅनफर्ड विद्यापीठात ११ बास्केटबॉल खेळाडूंना काही आठवडे रोज १० तास अंथरुणात घालवायला सांगितलं होतं. त्यांचे फ्री थ्रो (कोणी न अडवता बास्केटमध्ये टाकायचे चेंडू) ९ टक्क्यांनी सुधारले, धावण्याचा वेळही कमी झाला. प्रयोग छोटा होता, तुलनेला दुसरा गटही नव्हता. तरी रात्री उशिरापर्यंत जोशपूर्ण भाषणांचे व्हिडिओ बघण्यापेक्षा झोपणं केव्हाही बरं. ते व्हिडिओ मला कधीच सरावाच्या मैदानापर्यंत पुरले नाहीत.

आता तुझं खरं दुखणं. ते थकव्याचं कमी आणि ‘मी इथे मोजला जातोय का’ याचं जास्त आहे, असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतं. यात तुझ्या स्वभावाचा दोष नाही. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून मोजलं होतं, निष्कर्ष छापले १९१३ मध्ये. आठ जणांनी मिळून ओढलं तेव्हा आठ सुट्या माणसांच्या बेरजेच्या जेमतेम निम्मं बळ लागलं. काही भाग ताल न जुळल्याचा होता, पण पुढच्या प्रयोगांत दिसलं की घोळक्यात माणूस नकळत हातही सैल सोडतो. आपलं काम वेगळं मोजलं जातंय हे कळलं की हे बरंच कमी होतं.

म्हणून कोचना ‘मी संघात आहे का?’ असं विचारू नकोस, त्याचं उत्तर त्यांच्याकडेही अजून नसेल. ‘मी बाहेर बसलो, तर कुठल्या वेळी आत पाठवाल?’ असं विचार. मला उत्तर मिळालं होतं, ‘सर्व्हिसला.’ एका सेटमध्ये बदल सहाच असतात, त्यातला एक माझ्यासाठी राखून ठेवलेला आहे, हे कळल्यावर माझा अख्खा दिवस बदलला. रोज सराव संपल्यावर, पाय थरथरत असताना, मागच्या डाव्या कोपऱ्यात तीस सर्व्हिस. किती पडल्या तो आकडा वहीत. संघाचा सराव कसाही गेला तरी तेवढा आकडा माझा असायचा.

जोडीने करायच्या व्यायामात जोडीदार आपल्यापेक्षा थोडाच सरस निवड. जर्मनीत कोलर या मानसशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात नौकानयन क्लबातल्या लोकांवर केलेल्या प्रयोगांत, जोडीतला कमकुवत माणूस एकटा असताना करायचा त्याहून जास्त जोर लावायचा. मात्र फरक मध्यम असला तरच. संघातल्या सगळ्यात दांडग्या स्मॅशरच्या बाजूला उभं राहिलास तर नुसता बघत बसशील.

शेवटच्या दोनेक आठवड्यांत कोच बहुधा सरावाचा वेळ निम्म्यापर्यंत आणतील, जोर मात्र तोच ठेवतील. तेव्हा एक-दोन दिवस अंग उलट जडच वाटेल, आणि मग पाय शिवशिवायला लागतील. वाटेल, आपण कमी पडतोय, चोरून थोडं धावून यावं. जाऊ नकोस. मी गेले होते आणि पहिली मॅच पोटरीला बर्फ लावून पाहिली.