योगाभ्यास : शंका तुमच्या, उत्तरं आमची

प्रश्न : वय ४४, दिवसभर बैठं काम. सकाळी उठल्या-उठल्या बारा सूर्यनमस्कार घालतो. पुढे वाकून तळवे जमिनीला टेकवताना कमरेत कळ येते. सराव वाढवला तर जाईल का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : असाच वाढवलात तर कळही वाढेल. खरी अडचण बहुधा मांड्यांच्या मागच्या स्नायूंची आहे. हे स्नायू वर बैठकीच्या हाडांना जोडलेले असतात. खुर्चीत बसून ते आखडले की वाकताना माकडहाडाकडचा भाग वर फिरत नाही, आणि राहिलेलं सगळं वाकणं कमरेच्या मणक्यांच्या वाट्याला येतं. त्यात तुमची वेळ अडचणीची. रात्रभर आडवं झाल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून उठल्यावर पहिला तासभर पाठ ताठ असते. तेवढा वेळ चाला, आंघोळ उरका, मग नमस्कार घाला.

एक पडताळा घ्या. जमिनीवर पाय लांब करून बसा. कंबर मागे गोल होऊन पडत असेल, तर पाय सरळ ठेवून तळवे टेकवायचा हट्ट सध्या सोडा. वाकताना गुडघे इतके दुमडा की पोट मांड्यांना टेकेल. हात जमिनीऐवजी दोन लाकडी विटांवर किंवा खुर्चीच्या बैठकीवर ठेवा. पोट मांड्यांना चिकटलेलंच ठेवून गुडघे जमतील तेवढेच सरळ करा. ताण मांडीच्या मागे, मधोमध जाणवला तर बरोबर. बैठकीच्या हाडाशी टोचलं किंवा गुडघ्यामागे ओढलं, तर गुडघे पुन्हा दुमडा. विटा, पट्टे, खुर्च्या वापरण्याची ही पद्धत पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी रुजवली, त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

बाराऐवजी सध्या चार-सहा पुरेत. रथसप्तमीला एकदम १०८ चा संकल्प करणाऱ्यांचे खांदे आणि मनगटं पुढे आठवडाभर बोलत असतात, ते वेगळंच! कळ पोटरीपर्यंत उतरत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर वाकणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा कमी झाला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : जलनेती (मिठाचं पाणी एका नाकपुडीतून घालून दुसरीतून काढणं) करताना नाक जळजळतं आणि नंतर कानाला दडे बसतात. काय चुकतंय?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : जळजळ मिठाच्या प्रमाणामुळे. अंदाजाने चिमूटभर टाकू नका. अर्धा लिटर पाण्याला चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे साडेचार ते पाच ग्रॅम मीठ लागतं. पाणी रक्ताइतकंच खारट असलं की नाकाला ते जाणवत नाही. कमी-जास्त झालं की झोंबतं. पाणी उकळून कोमट केलेलंच घ्या. नळाचं किंवा फिल्टरचं थेट घेऊ नका, कारण त्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. असं क्वचितच घडतं, पण घडलं तर जिवावर बेततं.

दड्यांचं कारण बहुतेक वेळा नंतरच्या शिंकरण्यात असतं. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरलं की पाणी घशामागच्या नळीतून कानाकडे ढकललं जातं. कमरेत वाकून, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून, श्वास हलक्या झटक्यांनी बाहेर टाका. डोकं सावकाश एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवा. पाणी वाहत असताना तोंडाने श्वास घ्या, गिळू नका. नाक पूर्ण चोंदलेलं असेल किंवा कान दुखत असेल त्या दिवशी नेती नकोच.

प्रश्न : आईचं वय ६७. रक्तदाबाची गोळी चालू आहे, काचबिंदूही आहे. टीव्हीवर पाहून भस्त्रिका आणि सर्वांगासन करते. चालेल?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : दोन्ही आजपासून बंद. भस्त्रिका (भात्यासारखा जोरात, भराभर श्वास घेणं-सोडणं), जलद कपालभाती आणि श्वास रोखून धरणं रक्तदाबाच्या माणसाला नको. काचबिंदूत सर्वांगासनासारखं डोकं खाली जाणारं काहीच नको. शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट होतो, आणि अधोमुख श्वानासनातही (हात-पाय जमिनीवर, कंबर वर) तो वाढतो. आईंना खुर्चीत ताठ बसवून अनुलोम-विलोम करू द्या. चार अंक मोजत श्वास घ्यायचा, सहा अंक मोजत सोडायचा, मध्ये रोखायचा नाही. पाच मिनिटं पुरे. शवासनातून उठताना कुशीवर वळून जरा बसू द्या, कारण गोळीमुळे एकदम उठल्यावर चक्कर येऊ शकते. बरं वाटलं म्हणून गोळी मात्र आपणहून सोडायची नाही.

प्रश्न : जेवणानंतर किती वेळाने आसनं करावीत?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : भरपेट जेवणानंतर तीन-चार तासांनी, नाश्त्यानंतर दीड-दोन तासांनी. अपवाद वज्रासनाचा, ते जेवल्यावर पाच-दहा मिनिटं चालतं. मात्र गुडघे दुखत असतील तर टाच आणि मांडीच्या मध्ये उशी ठेवा, तरी दुखलं तर सोडून द्या आणि शतपावली घाला.