सर्कशीच्या सहलीचं चित्रपुस्तक करणाऱ्या मुलीस

लश्कर, ग्वाल्हेर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पुस्तकाची डमी, म्हणजे छपाईआधीची कच्ची प्रत, काल दोनदा वाचली. दुसऱ्यांदा शेजारच्या पाच वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन. मी वाचत होते, तो ऐकत होता, पण त्याचे डोळे अक्षरांकडे फिरकलेसुद्धा नाहीत. ते सारखे चित्रात हिंडत होते. वाचता न येणाऱ्या मुलाचे कान आपल्याकडे असतात आणि डोळे मोकळे असतात. तू त्या डोळ्यांना कामच ठेवलेलं नाहीस. चित्रात जोकर घसरतो आणि खाली तू लिहितेस, ‘जोकर धपकन घसरला.’ तिथे बाईंचं ‘रांग मोडू नका रे’ एवढंच असू दे. घसरलेला जोकर त्याला स्वतःला सापडेल आणि तो तुला ओरडून सांगेल.

बसचं पान आलं तेव्हा तो मुलं मोजायला लागला. तू लिहिलंस चाळीस, चित्रात निघाली एकतीस. मग तो पान उलटूच देईना, बाकीची कुठे राहिली म्हणून. सहलीत मोजणं तर असतंच. बाई चढताना मोजतात, उतरताना मोजतात, तंबूच्या दारात पुन्हा मोजतात. चाळीस काढायची तयारी नसेल तर बारा मुलांची सहल कर. पण बाराही जणं शेवटच्या पानापर्यंत ओळखू आली पाहिजेत. कोणाची हिरवी पाण्याची बाटली, कोणाची सुटलेली वेणी, कोणाचा एकच मोजा वर ओढलेला.

आता वाघ. तो तुला काढावाच लागेल असं तुला वाटलं, कारण सर्कस म्हटलं की वाघ आलाच. माझ्या लहानपणी होता. पण 1998 च्या सरकारी अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांचे खेळ बंद केले, आणि 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम केलं. तुझ्या मुलांच्या पाठीवर आजची दप्तरं आहेत, बाईंच्या हातात मोबाइल आहे. त्या तंबूत वाघ असू शकत नाही. तारेवर चालणारी आठ वर्षांची मुलगीही काढून टाक. लहान मुलांना सर्कशीत कामाला ठेवायचं नाही, असा न्यायालयाचा आदेश 2011 पासून आहे. तिला तू फार प्रेमाने रंगवलं आहेस, ते मला दिसतं, तरीही काढ. तिच्या जागी मोठी बाई चालू दे आणि खाली बसलेल्या मुलीचे पाय नकळत तसेच एकापुढे एक ठेवलेले दाखव.

रिंगण मात्र नीट अभ्यासून काढ. तुझ्याकडे ते एका पानावर ताटाएवढं आहे, दुसऱ्यावर मैदानाएवढं. परंपरेने त्याचा व्यास 42 फूट असतो. अठराव्या शतकात लंडनमध्ये फिलिप ॲस्टलीने ते माप घोड्यांवरून बसवलं. तेवढ्या गोलात घोडा एका चालीने धावत राहिला की पाठीवर उभ्या स्वाराला आत झुकून तोल धरता येतो. तुझ्या पुस्तकात घोडा नाही, तरी तो गोल घोड्याचाच आहे. आणि हे आपल्या गावापासून फार लांबचं नाही बरं. 1880 मध्ये मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रे घोड्यावर बसायला शिकले ते इथे ग्वाल्हेरात, बाबासाहेब आपट्यांकडे. गाणंही इथेच शिकले, हद्दू खाँसाहेबांकडे. पुढे खाँसाहेबांच्या मुलाला, रहिमत खाँना, त्यांनीच सांभाळलं. ते एक निराळंच पुस्तक होईल. तू नाही केलंस तर कोणीतरी करावं.

झुल्याचा प्रसंग तू एकाच जोडपानावर उरकला आहेस: डावीकडे हात सुटतो, उजवीकडे पकडला जातो. मग भीती वाटायला वेळच कुठे? हात उजव्या पानावर सुटू दे. मधे फक्त पान उलटणं. पकड पुढच्या पानावर. 32 पानांत जोडपानं 15 बसतात, त्यातलंही एखादं शीर्षकाला जातं, म्हणून गर्दी होते हे खरं. तिकिटाच्या रांगेची दोन पानं कमी कर, जागा निघेल.

आणि पानाच्या मधोमध चेहरा नको. माझ्या पहिल्या पुस्तकात आजीचा चेहरा शिलाईत गेला होता. छापून आल्यावर कळलं. नाक एका पानावर, गाल दुसऱ्यावर. त्या आजीसाठी मी तीन आठवडे घालवले होते.

परतीच्या बसमधलं चित्र तसंच ठेव. सगळी झोपलेली आणि एकटा मुलगा खिडकीच्या गजाला झुल्यासारखा धरून जागा. तिथे एकही शब्द घालू नकोस. माझ्या मांडीवरचा पोरगा त्या पानावर गप्प झाला आणि त्याने हळूच माझ्या बांगडीला लटकून पाहिलं.

डमी सोबत पाठवते आहे. पेन्सिलीच्या खुणा माझ्या. बसच्या पानावरचं तेलकट बोट त्याचं आहे, ते मी पुसलं नाही.

तुझी,
चित्रकलेची बाई