तिसऱ्या आठवड्यातली पोटरी

प्रश्न : माझं वय ४७. विद्यापीठाच्या संघातून बॅडमिंटन खेळायचे. २४व्या वर्षी रॅकेट ठेवली, ती पाच आठवड्यांपूर्वी पुन्हा हातात घेतली. पहिले दोन आठवडे इतके छान गेले की ४५ वर्षांवरच्या गटात उतरायचं मनात आलं. आता काही कळेनासं झालंय. एक दिवस कोर्टभर पळते, दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाहीत. पाळी कधी २३ दिवसांनी येते, कधी ४० दिवसांनी, आणि आली की अंगावरून खूप जातं. पहाटे तीनला घामाने चिंब होऊन जाग येते. सकाळी टाचेमागची शीर आखडलेली असते. आणि एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही : उडी मारून स्मॅश मारताना थोडी लघवी होते. प्रशिक्षक म्हणतात, वय झालं, आता गंमत म्हणून खेळा. मला गंमत म्हणून खेळायचं नाही. थांबू का?

उत्तर : थांबू नका. उड्या मात्र काही आठवडे बंद.

तुमचं पत्र वाचताना माझी डावी पोटरी आठवली. मी ४६व्या वर्षी परतले, तेव्हा वीस वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करत होते. तिसऱ्या आठवड्यात बॅकहँडच्या कोपऱ्यातून पुढे झेपावले आणि पोटरीवर मागून कुणीतरी रॅकेट हाणल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं तर मागे कुणीच नव्हतं. स्नायू फाटला होता. पुढचे नऊ आठवडे मी कोर्टाबाहेर बसून काढले.

हे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच का होतं, ते नीट समजून घ्या. मनगट काही विसरलेलं नसतं. शटल कुठे पडणार हे डोळ्याला आधीच कळतं, चार-सहा दिवसांत फुटवर्क आठवतं, आणि आपण २४ वर्षांच्या मुलीच्या वेगाने धावायला लागतो. स्नायूही काही आठवड्यांत साथ द्यायला लागतात. पण स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा, म्हणजे टेंडन, फार सावकाश बदलतो, त्याला महिने लागतात. त्यात तुमचा हा पाळी जाण्याआधीचा काळ. स्नायू, टेंडन आणि हाडं या तिन्हींवर इस्ट्रोजेन या हॉर्मोनचा परिणाम होतो आणि सध्या त्याची पातळी सरळ उतरत नाहीये, वरखाली उसळतेय. कौशल्य पुढे पळालंय आणि टाच मागे राहिलीय, तुमची अडचण एवढीच आहे. ‘वय झालं’ या दोन शब्दांत ती मावत नाही.

तर टाचेपासून सुरुवात करू. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभ्या राहा, गुडघा सरळ ठेवा. दोन मोजत टाच वर, तीन मोजत खाली. न दुखता, पूर्ण उंचीपर्यंत किती वेळा जमतं ते दोन्ही पायांचं वेगवेगळं लिहून ठेवा. मी परतले तेव्हा उजव्यावर १४ आणि डाव्यावर जेमतेम ९ व्हायचे. तो ९चा आकडा मी आधी मोजला असता तर पोटरी वाचली असती, असं मला अजून वाटतं. एक दिवसाआड तीन फेऱ्या करा. दोन्ही पायांवर २० सहज झाले की पाठीवर वजन घ्या, आणि मग छोट्या उड्यांपासून सुरुवात. सकाळचा आखडलेपणा हीच तुमची मोजपट्टी. चार पावलांत गेला आणि कालच्यापेक्षा जास्त नसला तर खेळा. लांबला तर त्या दिवशी नेटजवळचा सराव, सर्व्हिस, ड्रॉप. पूर्ण विश्रांती घेऊन टेंडन सुधारत नाही, उलट आणखी कमजोर होतो.

कोर्टाबाहेर आठवड्यातून दोन दिवस वजनांचा व्यायाम हवाच. स्क्वॉट, डेडलिफ्ट, खांद्याचे व्यायाम. योग्य पद्धत शिकून, सहा-आठ वेळांतच दमवेल इतक्या वजनापर्यंत हळूहळू पोचा. हाडांची झीज शेवटच्या पाळीच्या साधारण वर्षभर आधीपासून पुढची दोनेक वर्षं सगळ्यात वेगाने होते, म्हणून हे आत्ताच.

पाय उचलत नाहीत, यामागे मला अपुऱ्या झोपेइतकाच रक्तस्रावाचा संशय येतो. फक्त हिमोग्लोबिन पाहून समाधान मानू नका, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही तपासायला सांगा. शरीरातला लोहाचा साठा रिकामा होत आलेला असतो तरी हिमोग्लोबिन ठीक दिसू शकतं. आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला टाळाटाळ नको. या वयात पाळी अनियमित होणं स्वाभाविक आहे, पण ‘अंगावरून खूप जातं’ हे स्वाभाविक म्हणून सोडून द्यायचं नसतं. त्याचं कारण शोधावंच लागतं. रात्रीच्या घामाबद्दलही तिथेच बोला. हॉर्मोनची औषधं त्यावर चांगली लागू पडतात, मात्र स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असेल तर निर्णय वेगळा होतो. म्हणून तो डॉक्टरांसोबतच घ्या. खेळताना छातीत दुखलं, चक्कर आली किंवा धडधड थांबेना, तर आधी हृदयाची तपासणी आणि मगच कोर्ट.

आता जे कुणालाच सांगितलं नाहीत, त्याबद्दल. उड्या मारणाऱ्या खेळांतल्या तरुण मुलींनाही हा त्रास होतो, फक्त बोलत कुणी नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू उडीच्या धक्क्याला पुरे पडत नाहीत, आणि ते स्नायू बळकट करता येतात. लघवी आणि वायू दोन्ही रोखून धरल्यासारखं आत आणि वर ओढा, आठ मोजा, पूर्ण सैल सोडा. आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. नितंब आवळले जात असतील किंवा श्वास रोखला जात असेल तर चुकतंय. पुष्कळ जणी हे चुकीचंच करतात, म्हणून या विषयातल्या फिजिओकडून एकदा तपासून घ्या. मग खोकण्याआधी आणि उडीआधी क्षणभर आवळायची सवय लावा.

प्रशिक्षकांना टेनिसपटू मार्टिना नवरातिलोवाचं सांगा. १९९४ला एकेरीतून निवृत्त झालेली ही बाई २००० साली दुहेरीत परतली, आणि २००६मध्ये पन्नाशीला महिनाभर उरला असताना बॉब ब्रायनबरोबर अमेरिकन ओपनची मिश्र दुहेरी जिंकली. तिच्याइतकी प्रतिभा आपल्यात नाही, पण तिचा रस्ता आपल्यालाही मोकळा आहे. तुम्हीही दुहेरीतूनच परता. निम्मं कोर्ट, आणि प्रत्येक रॅलीनंतर जोडीदाराशी दोन शब्द. एकेरी टाचेने होकार दिल्यावर.

बॅडमिंटनची जागतिक ज्येष्ठ स्पर्धा दर दोन वर्षांनी होते आणि तिथे ३५ वर्षांपासून पुढे पाच-पाच वर्षांचे गट असतात. त्यामुळे ४५चा गट हुकला तर ५०चा आहेच.

एक छोटी वही करा. रोज तीनच नोंदी : झोप किती तास, पाळीचा कितवा दिवस, सकाळी टाच कशी होती. दोन महिन्यांनी ती वही घेऊन मला पुन्हा लिहा, आणि दोन्ही पायांचे आकडे पहिल्याच ओळीत द्या.