सेल्युलायटिसच्या रुग्णाचे ब्लड कल्चर ‘नो ग्रोथ’ आले, तर संसर्ग नाही असे समजावे का?

आपल्या मधुमेही वडिलांना पायाच्या सेल्युलायटिससाठी, म्हणजे त्वचेच्या जंतुसंसर्गासाठी, दाखल केले, त्या रात्री त्यांना हुडहुडी भरून ताप आला होता, ब्लड कल्चर (रक्त खास बाटलीत ठेवून त्यात जंतू वाढतात का हे पाहणारी तपासणी) ‘नो ग्रोथ’, म्हणजे जंतू वाढले नाहीत, असे आले आणि तरीही शिरेतून अँटिबायोटिक चालू आहे. मग तपासणी चुकली की उपचार, असे आपण विचारले आहे. मी रुग्णालयाच्या मायक्रोबायोलॉजी विभागात डॉक्टर आहे. माझ्या मते दोन्ही बरोबर आहेत, आणि या रिपोर्टच्या आधारे औषध थांबवण्याचा आग्रह आपण कृपया धरू नये.

सेल्युलायटिसमध्ये जंतू त्वचेच्या खोल थरात आणि त्याखालच्या चरबीत असतात. बहुतेक रुग्णांत ते रक्तात सापडतच नाहीत. ब्लड कल्चर पॉझिटिव्ह येण्याचे प्रमाण साधारण ५ टक्के किंवा त्याहूनही कमी असते. जेरुसलेममधील डॉक्टरांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५५३ रुग्णांपैकी २ टक्के रुग्णांच्या कल्चरमध्ये खरा रोगजंतू मिळाला, तर ३.६ टक्के रुग्णांत त्वचेवर एरवीच राहणारे जंतू बाटलीत शिरल्यामुळे फसवा पॉझिटिव्ह रिपोर्ट आला. असा रिपोर्ट निरुपद्रवी नसतो. त्यामुळे व्हँकोमायसिनसारखे मूत्रपिंडावर ताण आणणारे औषध विनाकारण सुरू होऊ शकते आणि रुग्णालयातला मुक्काम लांबतो.

म्हणूनच अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत साध्या सेल्युलायटिससाठी सरसकट ब्लड कल्चर करू नये असे म्हटले आहे. केमोथेरपी चालू असलेले कर्करोगी, पांढऱ्या पेशी फार कमी झालेले किंवा प्रतिकारशक्ती अतिशय खालावलेले रुग्ण, पाण्यात असताना झालेली जखम आणि प्राण्याचा चावा यांसाठी मात्र ते करावे असे त्यांत सुचवले आहे. नुसता मधुमेह या यादीत नाही. पण हुडहुडी भरून ताप येणे, रक्तदाब उतरणे किंवा रुग्ण बरळू लागणे ही जंतू रक्तात गेल्याची लक्षणे असू शकतात. त्यामुळे आपल्या वडिलांचे कल्चर पाठवणे योग्यच होते.

‘एवढे रक्त कशाला काढता?’ असे नातेवाईक आम्हाला नेहमी विचारतात. प्रौढ रुग्णाच्या रक्तात जंतू असले तरी एका मिलिलिटरमध्ये ते मोजकेच असू शकतात, म्हणून प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त लागते आणि ते दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून घ्यावे लागते. त्वचेवर लावलेले जंतुनाशक क्लोरहेक्सिडीन-स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचे, त्यानंतर शीर पुन्हा बोटाने चाचपायची नाही, आणि शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी रक्त घ्यायचे, एवढे पाळले तरच रिपोर्टला किंमत असते. बाटल्या यंत्रात सहसा ५ दिवस ठेवतात. खरे रोगजंतू बहुधा पहिल्या ४८ तासांतच वाढताना दिसतात. पायात पू झाला असेल तर त्या पुवाचे कल्चर रक्ताच्या कल्चरपेक्षा कितीतरी अधिक उपयोगी ठरते.

इतर रक्त तपासण्यांचे हेतू वेगळे आहेत. मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनवरून औषधाचा डोस ठरतो, साखर ताब्यात नसेल तर संसर्ग लवकर आटोक्यात येत नाही, आणि शरीरातला दाह दाखवणारे सीआरपी उतरत गेले तर उपचार लागू पडत असल्याचे कळते. मात्र सीआरपी पायापेक्षा मोठे समजू नका. लालीच्या कडेने पेनने रेघ मारून ठेवली असेल तर ती रोज पाहा. पहिल्या दिवशी लाली थोडी रेघेबाहेर गेली तरी घाबरू नये, पण दोन-तीन दिवसांनंतरही ती पसरत असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवा.

एका बाबतीत मात्र कोणत्याही रिपोर्टवर विसंबू नका. त्वचेखालचे आवरण झपाट्याने सडवणाऱ्या नेक्रोटायझिंग फॅसिआयटिसचा अंदाज घेण्यासाठी सहा रक्त तपासण्यांवरून गुण देण्याची पद्धत सिंगापूरच्या डॉक्टरांनी २००४ साली मांडली. तरीही गुण कमी असलेल्या रुग्णातही हा आजार आढळतो. वरून दिसते त्याच्या मानाने वेदना फारच जास्त असतील, कातडी काळी-जांभळी पडत असेल, पाण्याचे किंवा रक्ताळलेले फोड येत असतील किंवा तिथली संवेदना जात असेल, तर रिपोर्टची वाट न पाहता, मध्यरात्र असली तरी, सर्जनला बोलवायला सांगा.