शटरिंग काढल्यावर कॉलमच्या तळाशी खडी उघडी दिसतेय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो प्लास्टरमध्ये झाकून जाईल. चूक डिझाइनची की कामाची?

प्लास्टर अजिबात करू देऊ नका. आधी फोटो काढा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला साइटवर बोलवा.

बहुतेक वेळा दोष कामाचाच असतो. व्हायब्रेटर (ओलं काँक्रीट हलवून घट्ट बसवणारं यंत्र) नीट फिरवलेला नसतो, शटरिंगच्या फटीतून स्लरी (सिमेंटचा पातळ गाळ) गळते, किंवा माल फार उंचावरून ओतल्यामुळे खडी वेगळी पडते. पण डिझाइन करणाराही सुटत नाही. तळाशी सगळ्या सळयांचे लॅप (दोन सळया एकमेकींवर चढवून केलेले जोड) एकाच पातळीवर दिले, तर तिथे इतकी गर्दी होते की 20 मिमी खडी खाली उतरतच नाही, व्हायब्रेटरची सुईही शिरत नाही. कागदावर मात्र सगळं छान बसलेलं असतं!

इंजिनिअर हातोडीने ठोकून पोकळ भाग किती आहे ते बघेल; शंका आली तर अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींची) चाचणी करायला किंवा कोअर (काँक्रीटचा गोल नमुना) काढायला सांगेल. दोष वरवरचा असेल तर दुरुस्तीच्या खास मॉर्टरने भागतं. सळया उघड्या पडल्या असतील तर कच्चं काँक्रीट पक्क्या थरापर्यंत फोडून, गरजेप्रमाणे टेकू देऊन, न आकसणारं मायक्रोकाँक्रीट भरावं लागतं. दुरुस्तीची पद्धत इंजिनिअरकडून लेखी घ्या.

जाता जाता, कँटिलिव्हर (एकाच बाजूने आधार असलेली) गॅलरी अजून भरायची असेल तर वरच्या सळ्यांकडे लक्ष ठेवा. 150 मिमी जाडीच्या स्लॅबमध्ये त्या मजुरांच्या पायाखाली 40 मिमी दबल्या, तर ताकद साधारण एक तृतीयांशाने घटते. आणि वरून ते कुणालाही दिसत नाही.