बोरच्या पाण्याचे डाग काढायला आधी ब्लीचिंग पावडर आणि मग ॲसिड टाकलं तर चालेल का?

नाही. आधी ब्लीचिंग, नंतर ॲसिड असंही नाही आणि उलटंही नाही. तुमच्या कामाच्या मावशींनी अजून तसं केलं नसेल तर आजच त्यांना सांगा, बाकीचं उत्तर मग वाचा.

तुम्ही लिहिलंय की सांगलीच्या विश्रामबागेत नुकतेच राहायला आलात, बोरच्या पाण्याने संडासाच्या भांड्याला पिवळट थर बसलाय, ॲसिड टाकलं की ठसका लागतो आणि डोळे चुरचुरतात. कामाच्या मावशी म्हणाल्या, रात्री ब्लीचिंग टाकून ठेवा, सकाळी वरून ॲसिड ओता, भांडं पांढरंशुभ्र होईल. हा सल्ला आपल्याकडे अनेक घरांत दिला जातो आणि देणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. मी सांगलीतच एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये २२ वर्षं लॅब असिस्टंट आहे. ॲसिडच्या बाटल्या रोज हाताळते. तरीही आमच्या घरात हे घडलं, म्हणून सविस्तर लिहिते.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांवर गेलेलं. गावभागातल्या आमच्या घरात तळमजला पूर्ण बुडाला होता. पाणी ओसरल्यावर घरभर चिखल आणि त्याचा तो वास. सगळीकडे टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडरच, वाटली जात होती. मी सकाळी संडासात आणि मोरीत दोन-दोन मुठी टाकून वरच्या मजल्यावर भांडी घासायला गेले. दुपारी माझी जाऊ खाली आली, भांड्यावरचे गाळाचे डाग निघेनात म्हणून तिने दुकानातून आणलेलं सुटं ॲसिड त्यावर ओतलं. मी पावडर टाकली होती हे तिला माहीत नव्हतं आणि ती ॲसिड आणणार हे मला. तिच्या किंकाळीने मी धावत खाली आले तर भांड्यातून फसफस आवाज येत होता, हिरवट-पिवळी वाफ जमिनीलगत पसरत होती, आणि ती दारात वाकून खोकत होती. तिला ओढत अंगणात आणलं. अर्ध्या तासात तिला बरं वाटलं, चहासुद्धा प्यायली. रात्री अकरानंतर छातीत आवळल्यासारखं व्हायला लागलं, बोलताना दम लागायला लागला. मिरजेला दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावावा लागला, दोन दिवस ठेवून घेतलं. ती बरी झाली. पण सकाळी पावडर टाकल्यावर मी तिला एक हाक मारून सांगितलं असतं तर हे झालंच नसतं, हे मी विसरलेले नाही.

ती वाफ क्लोरीनची. ब्लीचिंग पावडरमध्ये आणि बाटलीतल्या ब्लीचमध्ये हायपोक्लोराइट असतं. त्यावर कुठलंही ॲसिड पडलं की क्लोरीन मोकळा होतो. ताज्या टीसीएलच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश इतका क्लोरीन त्यातून निघू शकतो, म्हणजे दोन मुठींतून किती याचा विचार करा. शिवाय पावडर पूर्ण विरघळत नाही. तिचा चुन्यासारखा गाळ भांड्याच्या वाकात बसून राहतो, म्हणून एकदा पाणी ओतलं की गेली असं समजू नका. क्लोरीन हवेपेक्षा जवळपास अडीच पट जड असतो. तो वर जात नाही, खाली साचतो. आपल्याकडच्या बैठकीच्या संडासात घासायला माणूस उकिडवा बसतो, तोंड भांड्यापासून हातभर अंतरावर, खोली तीन बाय चारची आणि दार बहुतेक वेळा लोटलेलं. जिथे वायू साचतो तिथेच आपलं नाक असतं.

फुप्फुसांना सूज यायला काही तास लागू शकतात, कधी जवळपास दिवसभरसुद्धा. त्यामुळे बाहेर आल्यावर बरं वाटलं म्हणून निर्धास्त होऊ नका. खोकला थांबत नसेल, छाती जड वाटत असेल, शिट्टीसारखा आवाज येत असेल तर रात्र काढायची नाही, दवाखान्यात जायचं किंवा १०८ ला फोन करायचा. आणि असं काही झालं तर वायू शांत करायला वरून पाणी, सोडा किंवा आणखी काही ओतायला आत परत जाऊ नका. बाहेर पडा, घरातल्यांना बाहेर काढा, हाताशी असतील तेवढ्या खिडक्या-दारं उघडी टाका आणि वास पूर्ण जाईपर्यंत थांबा.

आता तुमच्या ठसक्याबद्दल. नुसत्या ॲसिडनेही ठसका लागतो. सुट्या ॲसिडच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर जो पांढरा धूर दिसतो तो हायड्रोक्लोरिक ॲसिडचाच. ते कारखान्यातून साधारण ३० टक्क्यांचं निघतं, पुढे कुणी किती पाणी घातलं हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. हार्पिकसारख्या निळ्या बाटलीतही हेच ॲसिड असतं, पण साधारण १० टक्के, आणि ते दाट केलेलं असल्यामुळे भांड्याच्या कडेला चिकटून राहतं. क्षार काढायला तेवढं पुरतं. मात्र तुमचा ठसका नेहमीपेक्षा जास्त उग्र असेल तर फ्लशची टाकी उघडून बघा. आधीच्या भाडेकरूंनी टाकीत भांडं साफ ठेवायची वडी टाकून ठेवलेली असू शकते, आणि काही वड्यांतून क्लोरीन सुटतो. ती काढून टाका, दोन-तीन वेळा फ्लश करा, मगच पुढचं. नळाच्या पाण्यात जो क्लोरीन असतो तो फारच थोडा असतो, त्याची काळजी करू नका.

आणि बाटली घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. टॉयलेट क्लीनर लिहिलेल्या सगळ्याच बाटल्या ॲसिडच्या नसतात, काही ब्लीचच्या असतात. दुकानात त्या एकाच फळीवर शेजारी शेजारी उभ्या असतात. मागे सोडियम हायपोक्लोराइट लिहिलं असेल तर ते ब्लीच. एक संपली म्हणून दुसरी आणली आणि भांड्यात आधीचा अंश राहिला असेल तर तोच प्रकार होतो. व्हिनेगर आणि लिंबूसत्त्वसुद्धा ब्लीचबरोबर चालत नाही, तीही ॲसिडंच आहेत. नळी मोकळी करायची कॉस्टिक सोड्याची पूड आणि ॲसिड हेही एकत्र नको. ते इतकं तापतं की उकळून अंगावर उडतं.

तुमचा थर मुळात क्षारांचा आहे. तो विरघळवायला ॲसिडच लागतं, ब्लीचने डाग पांढरा दिसतो पण थर तिथेच राहतो. म्हणून तुम्हाला ब्लीचची गरजच नाही. मी घरी असं करते: दार विटेने उघडं अडकवते, खिडकी किंवा एक्झॉस्ट चालू, पायात बंद चप्पल, हातात जाड रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा. मगने ढकलून भांड्याच्या वाकातलं पाणी कमी करते म्हणजे ॲसिड पातळ होत नाही. बाटलीचं तोंड भांड्याच्या कडेला लावून सोडते, उंचावरून ओतत नाही, आणि मग बाहेर येते. बाटलीवर लिहिलेला वेळ झाला की लांब दांड्याच्या ब्रशने घासून दोन-तीनदा पाणी. जुना थर एका दिवसात जात नाही, आठवड्यातून एकदा असं तीन-चार आठवडे केलं की उतरतो. थर पातळ असेल तर गरम पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून रात्रभर ठेवा, धूर अजिबात होत नाही. दमा असलेल्या माणसाने हे काम करूच नये.

शहाबादी, कडप्पा किंवा संगमरवर असेल तर त्यावर थेंबही सांडू देऊ नका. हे दगड मुळात कॅल्शियम कार्बोनेट, ॲसिड पडलं की फेस येतो आणि चकाकी कायमची जाते. स्टीलचे नळ आणि जेट स्प्रेसुद्धा वाफेने गंजतात.

त्वचेवर उडालं तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरा, भिजलेले कपडे काढा. डोळ्यात गेलं तर पापणी उघडी धरून किमान १५ ते २० मिनिटं पाणी, मग डोळ्यांचे डॉक्टर. हळद, तूप, टूथपेस्ट काही लावू नका. कुणी प्यायलं तर उलटी करवू नका, सोडा किंवा लिंबूपाणी पाजू नका. चूळ भरायला सांगा आणि थेट दवाखाना गाठा, बाटली सोबत न्या. पिण्याचा धोका लहान मुलांना खरोखर असतो, कारण सुटं ॲसिड कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून मिळतं. ते विकणं बेकायदेशीर आहे का असं तुम्ही विचारलंय. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ॲसिड विकताना दुकानदाराने नोंदवही ठेवावी, ओळखपत्र बघावं, कारण लिहून घ्यावं, आणि १८ वर्षांखालच्या कुणाला देऊ नये. तुम्हाला काहीही न विचारता कोणी बाटली देत असेल तर तिथून घेऊ नका.

मावशींसाठी मोजे तुम्ही आणून द्या, त्यांच्या मापाचे. आणि भांड्यात शेवटचं काय टाकलं होतं ते संडासाच्या दाराबाहेर कागदावर लिहून चिकटवा. आमच्या घरी २०१९ पासून तो कागद आहे. जाऊबाई आणि मी दोघी त्यावर तारीख घालतो.