एकीचा नकार दोघींना पुरतो

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. घणसोलीहून निघून बेलपाडा, नळीच्या वाटेने, म्हणजे कड्यातल्या घळीतून, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, रात्री गडावर मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी तोलारखिंडीतून खिरेश्वरला उतरायचं, तेही फक्त दोघींनी. बेत चांगला आहे. पण शेवटी तू विचारलंस, ‘मला आतून नको वाटतंय, तिला कसं सांगू? मी भित्री आहे का?’ हे पत्र त्या दोन ओळींसाठी आहे.

भित्री आहेस की नाही, या प्रश्नात मला रस नाही. डोंगरात त्या प्रश्नाने काहीच ठरत नाही. ठरतं ते एवढ्याने: दोघींच्या मोहिमेत एकीने ‘नको’ म्हटलं की दोघी वळतात. कारण विचारायचं नाही, तोंड पाडायचं नाही, परतीच्या लोकलमध्ये तो विषय काढायचा नाही. ही अट तुझ्या मैत्रिणीला मान्य नसेल तर ती कितीही दमदार असो, तिच्यासोबत नळीत शिरू नकोस.

मी इतकी अडून का बसते ते सांगते. जुनी मंडळी अवघड वाटेवर किमान चौघं हवेत म्हणायची. एकाला लागलं तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि दोघं मदत आणायला जातात, म्हणजे जाणाराही एकटा पडत नाही. दोघींत हा हिशोब बसतच नाही. समज, घोणस चावली. चावलेल्या पायावर आवळपट्टी बांधायची नाही, जखम कापायची नाही, पाय स्थिर ठेवायचा आणि लवकरात लवकर प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात पोहोचवायचं. दोघींत हे कोण करणार? चावलेलीने चालायचं नाही, दुसरी तिला उचलू शकत नाही, आणि नळीत मोबाईलला रेंज मिळेल असं धरून चालायचं नसतं. घोट्याचं हाड मोडलं तरी तेच. दोघींच्या मोहिमेत सुटका करायला कुणी शिल्लकच नसतं, म्हणून अपघाताच्या आधी वळणं हाच सुटकेचा सगळ्यात मोठा भाग.

दोघांच्याच मोहिमेचं एक उदाहरण देते. १९८५ साली ज्यो सिम्पसन आणि सायमन येट्स हे दोघे मित्र पेरूमधलं ६३४४ मीटर उंचीचं सिउला ग्रांदे शिखर गाठून उतरत होते. उतरताना सिम्पसनचा पाय मोडला. गॅस संपलेला, बर्फ वितळवून पाणी करता येईना, त्यामुळे थांबून रात्र काढायची सोय उरली नव्हती. येट्सने दोन दोर जोडून त्याला अंधारात खाली सोडत नेलं आणि शेवटी दोर कापायची वेळ आली. दोघेही जगले. पण दोघेही कसलेले गिर्यारोहक होते, हे विसरू नकोस.

आता नळीकडे ये. बेलपाड्यापासून कड्याच्या माथ्यापर्यंत हजार मीटरहून जास्त चढ आहे, आणि तो पायवाटेचा नाही. आधी रानातल्या ढोरवाटा, मग मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेली नाळ, म्हणजे ती अरुंद घळ, मग कातळटप्पे आणि वर मुरमाचा घसारा. कातळटप्पा चढताना हात आणि डोळे होल्डकडे, म्हणजे पकडीकडे, असतात; उतरताना पाय कुठे ठेवायचा तेच दिसत नाही. त्यामुळे एक टप्पा चढलीस की मागे फिरणं पुढे जाण्याइतकंच अवघड होतं, दुसरा चढलीस की त्याहून अवघड. म्हणून ‘नको’ म्हणायची शेवटची चांगली जागा पहिल्या कातळटप्प्याच्या खाली आहे. तिथे बसा, सॅक उतरवा, पाणी प्या आणि एकमेकींना स्पष्ट विचारा. ‘चल ना, एवढं आलोय तर’ हे वाक्य तिथे बंद. पहाटे साडेपाचला बेलपाडा सोडून साडेअकरापर्यंत त्या जागी पोहोचला नाहीत, तर विचारायचीही गरज नाही, वळा. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, आणि घसाऱ्यावर अंधारात हेडटॉर्चच्या उजेडात पक्का दगड आणि सुटा दगड सारखेच दिसतात.

मैत्रिणीने तीस मीटर दोर विकत घेतलाय असं लिहिलंस. कुठला घेतलाय? स्टॅटिक असेल तर तो जेमतेम ताणतो. वर चढणारी पडली तर सगळा हिसका तिच्या कमरेला आणि अँकरला, म्हणजे कातळात दोर अडकवलेल्या आधाराला, बसेल. आघाडीच्या चढाईला ताणून हिसका झेलणारा डायनॅमिकच लागतो. शिवाय माघारी उतरताना दोर काढून न्यायचा असेल तर तो दुहेरी लावावा लागतो, म्हणजे तीस मीटरचे पंधराच हातात येतात. आणि बिले, म्हणजे चढणारीचा दोर सांभाळून ती पडली तर अडवणं, कुणाला येतं? दोघींपैकी कुणालाच येत नसेल तर तो दोर घरी ठेवा. मधे अँकर नसताना एका दोरात बांधून घेतलं की घसरणारी दुसरीला सोबत घेऊन जाते. पहिल्या खेपेला बेलपाड्यातला माहितगार वाटाड्या घ्या, त्याचे पैसे आधी ठरवा, आणि टप्प्यांसाठी बिले जाणणारं कुणीतरी सोबत घ्या. वाटाड्या ‘नको’ म्हणाला तर तोही नकार पूर्ण धरायचा.

नाळेत एका वेळी एकीनेच चढायचं. दुसरीने तिच्या रेषेबाहेर, कातळाच्या आडोशाला उभं राहायचं. दगड निसटला तर कुठे जातोय ते बघत बसू नका, आधी ‘दगड!’ म्हणून ओरडा. डोक्यावर हेल्मेट हवंच. कड्यांवर आग्यामोहोळं असतात: अत्तर, डिओ नको, धूर नको, विनाकारण आरडाओरडा नको. माशा उठल्याच तर हात न झटकता तोंड-मान झाकून दूर निघा.

सामानात दोघींची एक हमखास चूक होते, वजन वाचवायला वाटणी करतात. स्टोव्ह एकीकडे, लायटर दुसरीकडे. टॉर्च एकच, औषधं एकाच सॅकमध्ये. भांडं आणि स्टोव्ह एवढंच वाटून घ्या. पाणी, हेडटॉर्च आणि जादा सेल, शिट्टी, क्रेप बँडेज, ओआरएस, सुकं खाणं, एक गरम कपडा, हे प्रत्येकीचं स्वतःचं. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, दुपारनंतरचं ऊन थेट कातळावर येतं, म्हणून माणशी पाच लिटर. म्हणजे पाच किलो झाले, तेव्हा बाकीच्या सामानाला चार किलोंत बसवा. ओआरएसचं एक मोठं पाकीट एक लिटरमध्येच घोळायचं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत सगळं ओतलं की द्रावण दुप्पट तीव्र होतं आणि पोट बिघडतं. मदत मागायची शिट्टीची खूण पाठ करा: मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. उत्तर तीन शिट्ट्यांचं.

माझ्या या अटींमुळे सोबत यायला लोक कंटाळतात, हे मला ठाऊक आहे. काही चांगल्या सोबती त्यामुळे दुरावल्या आणि त्याचं वाईट वाटतं, अजूनही वाटतं. तरी अट सैल करणार नाही. मन राखायला एखादीने गिळलेला नकार नाळेत फार महाग पडतो, आणि तो गिळणारी बहुतेक वेळा समजूतदार मुलगीच असते. तुझ्यासारखी. म्हणून तुझ्यावर जरा चिडून लिहितेय.

तर आधी माहुली किल्ल्यावर जा. लोकलने आसनगाव, पाठीवर नऊ-दहा किलो, आणि वरच्या शिडीखाली पोहोचलात की तू ‘नको’ म्हण. काहीही झालेलं नसताना म्हण. दोघी तिथून वळा. पुढच्या रविवारी हेच तिने करायचं. सगळ्या तयारीत हा सराव मी सगळ्यात वरचा मानते, कारण पाय दोन महिन्यांत तयार होतात, पण नको ऐकून वळायची सवय तेवढ्याने लागत नाही. दम लागलेला नसताना, शिखर डोळ्यांसमोर असताना ती वळते का, कशी वळते, परतताना बोलते का, ते बघ. दुसऱ्याच दिवशी तुला कळेल जायचं की नाही.

हे पत्र तिला दाखवलंस तरी चालेल. तिने अट हसण्यावारी नेली तर बेलपाड्यासाठी सावर्ण्याला जाणाऱ्या एसटीची चौकशीही करू नकोस. मान्य केली तर घरी ठेवायचा कागद तयार करा: वाट, मुक्काम, वाटाड्याचं नाव, दोघींचे रक्तगट आणि औषधं, वळायची वेळ, आणि दुसऱ्या दिवशी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवायचं ती वेळ. एक प्रत मला पाठव. वळायची वेळ पेनाने लिहा, पेन्सिलने नको.

तुझी,
मावशी